हाडं मोजायची तर सगळीकडंच मोजा

"बाईमाणसाचं हाड नाजूक गा, गड्याएवढा पगार कसा देऊचा?" हे वाक्य खानापूर तालुक्यात रोप लावणीच्या दिवसात कुठल्याही बांधावर ऐकायला मिळेल, बेळगावच्या पश्चिम भागात मिळेल, चिकोडी-निपाणीकडं उसाच्या भांगलणीला गेलात तरी मिळेल, फक्त शब्द थोडे इकडंतिकडं. कोण कन्नडमधून म्हणेल, कोण मराठीतून, पण सीमाभागात ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत आहे त्यातली ही एक. आणि मजा अशी की हे म्हणणारा बांधावर छत्री घेऊन उभा असतो आणि जिचं हाड नाजूक ती सकाळपासून गुडघाभर चिखलात कमरेत वाकलेली असते.

मला या वाक्याचा राग येतो. पण त्यावर उत्तर म्हणून काही शिकलेली मंडळी "अहो, स्त्री-पुरुषांच्या शरीरात तसा काही फरकच नसतो, सगळं समाजानं लादलेलं" असं सांगतात ना, त्याचाही मला तेवढाच वैताग येतो, कारण ते खरं नाही आणि बांधावरच्या माणसाला ते खरं नसल्याचं डोळ्यांनी दिसतं, मग तो तुमचं पुढचं काहीच ऐकत नाही. फरक आहे. भांडण फरकाचं नाहीच मुळी. आपण तो नको तिथं मोजतो आणि जिथं मोजायला पाहिजे तिथं सोयीस्कर विसरतो, माझी तक्रार ती आहे.

आधी हाडांचं सांगतो. मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं, बाई असो की गडी. बरगड्या दोघांनाही बाराच जोड्या. पुरुषाला एक बरगडी कमी असते असं कोण कोण सांगतं, ते बायबलातल्या गोष्टीवरून आलंय, मोजल्यावर काही निघत नाही. पाच-सात वर्षांच्या पोराचा आणि पोरीचा सांगाडा शेजारी ठेवला तर त्यातला कुठला कुणाचा हे जाणकार माणूससुद्धा नुसतं बघून खात्रीनं सांगू शकत नाही. म्हणजे "पोरगा आहे, त्याला दुधाचा पेला जास्त भरा" याला त्या वयात हाडांचा तरी काही आधार नाही.

फरक पडतो तो वयात येताना. हाडांच्या टोकाला वाढ होणारी कूर्चेची पट्टी असते, ती मुलींत साधारण दोन वर्षं आधी बंद होते, मुलगे तेवढा काळ वाढत राहतात आणि त्यांचा वाढीचा झपाटाही जास्त, म्हणून सरासरी उंचीत बारा-तेरा सेंटीमीटरचा फरक पडतो. आपल्या देशात बाई सरासरी 152 सेंटीमीटरच्या आसपास, पुरुष 165 च्या. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळं पुरुषाच्या हाडावर बाहेरून थर चढतो, हाड जाड होतं. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग पुरुषात मोठा, कवटीत भुवयांवरचा उंचवटा आणि कानामागचं हाड ठळक, हनुवटी चौकोनी. सगळ्यात मोठा फरक मात्र कमरेच्या हाडात. पुढच्या बाजूला दोन हाडं जुळतात त्याखालचा कोन पुरुषात साधारण 70 अंशाच्या आत, बाईत 80 च्या वर, आतली पोकळी रुंद आणि गोलसर, मागचं त्रिकोणी हाड आखूड आणि पसरट. बाळाचं डोकं बाहेर यायला वाट पाहिजे, म्हणून. पोलिसांना कुठं बेवारस सांगाडा सापडला आणि त्यात कमरेचं हाड शाबूत असलं तर फॉरेन्सिकवाले शंभरात पंच्याण्णव वेळा बाई की पुरुष ते बरोबर सांगतात, नुसत्या कवटीवरून एवढी खात्री राहत नाही. आपल्याकडं म्हाताऱ्या बायका म्हणतात बाळंतपणात हाडं मोकळी होतात. तेही अगदीच खोटं नाही, कमरेच्या सांध्यांना बांधणाऱ्या दोऱ्या त्या काळात खरंच सैल होतात.

आता "नाजूक" या शब्दाकडं येऊ. तरण्या बाईचं हाड पुरुषापेक्षा लहान असतं हे खरं, पण त्याच आकारमानात भरलेला माल जवळजवळ तेवढाच असतो. आकारानं लहान आहे म्हणून कमअस्सल होत नाही. आणि हे सगळे आकडे सरासरीचे आहेत, पाच फूट सात इंच उंचीची बाई आणि पाच फूट दोन इंचाचा गडी आपण रोज बघतो, लावणीला येताना कोण कुणाची उंची मोजून पगार ठरवत नाही. खरंच हाडावर पगार द्यायचा असला तर त्या बुटक्या गड्याचाही कापा की. तिथं कुणी बोलत नाही.

ताकदीचं म्हणाल तर दंड-खांद्याच्या जोरात पुरुष सरासरीनं बराच पुढं असतो, यात वाद घालायचं कारण नाही. पण लावणीत दंडाचा जोर लागतो कुठं? रोपाची पेंडी डाव्या हातात, उजव्या हातानं दोन-तीन काड्या चिखलात खोचायच्या, मागं सरकायचं, पुन्हा वाकायचं. जोराचं काम होतं चिखलणीचं, ते आधी बैल करायचे आणि आता पॉवर टिलर करतो. पॉवर टिलरच्या मागं चालणाऱ्याला जास्त पगार आणि दिवसभर वाकणारीला कमी, मग इथं हाड मोजलं की अजून काय मोजलं? समान कामाला समान वेतन हा कायदा 1976 साली झाला. रोजगार हमीचा कायदा 2005 साली झाला तेव्हा त्यातही बाई-पुरुषाचा दर एकच धरला, तळं खोदताना मातीची बुट्टी उचलायची असते तरी. तिथं एक दर चालतो आणि शेजारच्या शेतात चालत नाही असं कसं?

उसाच्या फडात तर हिशेब पारच उलटा. नवरा-बायको मिळून एक कोयता, पैसे टनावर, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवऱ्याच्या नावावर. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर चुंबळ ठेवून फळीवरून ट्रकात चढवते. म्हणजे नाजूक हाडवालीच्या मानेवर मोळी आणि पैसे मोजताना ती अर्धा कोयता. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने वीसहून जास्त, हंगामात या टोळ्या रस्त्याकडंला झोपड्या घालून असतात, सगळ्यांना दिसतं हे.

विज्ञानाच्या नावानं बाईच्या हाडाला नावं ठेवायचा धंदा तसा जुना आहे. युरोपात अठराव्या शतकात बाईच्या सांगाड्याची स्वतंत्र चित्रं काढायला लागले, त्यातल्या 1759 च्या एका फ्रेंच चित्रात डोकं गरजेपेक्षा बारीक, बरगड्या अरुंद आणि कंबर भलतीच रुंद काढली, त्या काळच्या लोकांना बाई तशी असावी असं वाटायचं म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन बार्क्ले नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं पुस्तकात पुरुषाच्या सांगाड्याशेजारी घोड्याचा सांगाडा छापला आणि बाईच्या शेजारी शहामृगाचा. शहामृग! मोठी कंबर आणि बारकं डोकं. हसू येतं, पण बांधावरचं वाक्य याच घराण्यातलं आहे.

उलट बाजूचा एक अभ्यास मला फार आवडतो. 2017 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातल्या साताठ हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी बायकांची दंडाची हाडं तपासली आणि आजच्या, नावा वल्हवणाऱ्या पट्टीच्या खेळाडू मुलींच्या हाडांशी ताडून बघितली. त्या जुन्या बायकांची हाडं या खेळाडूंपेक्षा 11 ते 16 टक्के मजबूत निघाली. कशामुळं? हातानं जमीन खणणं, पीक काढणं आणि मुख्य म्हणजे रोज तासनतास दगडावर धान्य दळणं. आपल्या आज्यांनी जात्यावर काय केलं ते आठवा. हाड जिवंत असतं, त्यावर भार पडला की ते त्या दिशेनं घट्ट होतं, भार काढून घेतला की पातळ होतं. आणि इतकी वर्षं हे कुणाच्या ध्यानात का नाही आलं, तर बायकांची हाडं पुरुषांच्या हाडांशीच ताडून बघायची पद्धत, त्यात ती कमीच दिसायची. बायकांशी ताडल्यावर खरं चित्र दिसलं.

इथं एक मुद्दा आहे तो आयाबापांनी नीट ऐकावा. मोठेपणी जेवढं हाड असतं त्यातलं जवळपास पाव एवढं हाड वयात येतानाच्या दोनच वर्षांत भरलं जातं, मुलींत साधारण बारा-तेराव्या वर्षाच्या आसपास, मुलग्यांत चौदाच्या. आणि आपल्या गावात बरोबर याच वयात काय होतं? पाळी आली की खो-खो बंद, कबड्डी बंद, "आता मोठी झालीस, उड्या मारत फिरू नको". पोरगा तालमीत जातो, त्याला बदाम, दूध, अंडी. पोरगी घरात बसते, भात खाते. मग पस्तिशीत तिची कंबर दुखली की म्हणायचं बायकांची हाडंच नाजूक. आपण ज्या वर्षी हाड भरायचं त्या वर्षी तिला बसवून ठेवली हे कोण सांगत नाही. याच आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव 2018 च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये कुराशचं, म्हणजे कुस्तीसारख्या एका खेळाचं, ब्राँझ घेऊन आली, 52 किलो गटात. खेळात बघा, फरक मान्य करतात म्हणून तर मुलींचा गट वेगळा, वजनाचे गट वेगळे, पण मेडल कुणी अर्धं देत नाही.

खाण्याचंही तेच. नाचण्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पॉलिश तांदळात दहाच्या आसपास. खानापूर-चंदगडच्या डोंगरी भागात एकेकाळी नाचणा रोजच्या ताटात होता, आता तो डायबेटिसवाल्यांचं पथ्य म्हणून पाकिटातून येतो. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, हाळीव देतात ते ठीकच, दूध पाजताना आईच्या हाडातलं थोडं कॅल्शियम निघून जातं आणि अंगावरचं दूध सुटल्यावर बहुतेक भरून येतं, पण भरून यायला ताटात काहीतरी पाहिजे ना.

आता जिथं हाडं खरोखर मोजायला पाहिजेत तिकडं येऊ, कारण मला खरी चीड तिथं आहे.

11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना सरकारी बस फुकट, आणि खरं सांगायचं तर बायका घराबाहेर पडल्या, बाजार, दवाखाना, माहेर, येल्लम्मा, सगळीकडं फिरायला लागल्या, चांगलं झालं. पण बसमध्ये उभं राहणाऱ्यांत आता बायका जास्त आणि वरची दांडी तीच. पाच फुटाच्या बाईचा हात पुरतो पण टाचा उचलून, काखेत पिशवी, कडेवर पोर, आणि घाटात वळण आलं की सगळ्या एकमेकींवर. पहिली पायरी तर म्हाताऱ्यांना हातानं ओढून घ्यावी एवढी उंच. तिकीट बायकांचं काढलं आणि गाडी पुरुषाच्या मापाची ठेवली. हे फक्त आपल्याकडचं नाही, जगभर गाड्यांच्या अपघाताच्या टेस्टला जे बाहुले बसवतात ते 1976 पासून सरासरी पुरुषाच्या मापाचे, बाईचा म्हणून वापरतात तो त्याचाच लहान केलेला. 2019 च्या एका अमेरिकन अभ्यासात बेल्ट लावलेल्या बायकांना समोरच्या धडकेत गंभीर दुखापतीचा धोका पुरुषांपेक्षा 73 टक्के जास्त निघाला. सरासरी बाईच्या अंगकाठीचा बाहुला स्वीडनमध्ये तयार झाला तो 2022 साली.

शेतात पाठीवरचा फवारणी पंप घ्या. सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो, वर पंपाचं वजन, पट्टे रुंद खांद्याच्या मापाचे, अरुंद खांद्यावरून घसरतात म्हणून बायका पदर मध्ये घालतात. सिमेंटचं पोतं 50 किलोचं, जगात जिथं तिथं एका माणसानं एवढं उचलावं का यावर चर्चा झाल्या, आपल्याकडं स्लॅबच्या दिवशी बुट्टी देणाऱ्या बायकांच्या मानेचं कुणी विचारत नाही. बायकांच्या हातात बसतील अशी अवजारं तयार होत नाहीत असंही नाही, भुवनेश्वरला शेतकरी महिलांसाठी केंद्र सरकारची वेगळी संशोधन संस्था आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा हलका वैभव विळा आहे, आपल्या शेजारी धारवाडला कृषी विद्यापीठ आहे. पण अवजार विकत घ्यायला दुकानात कोण जातं? गडी जातो. स्वतःच्या हाताला बसतंय का बघून घेऊन येतो.

घरातला ओटा घ्या, गवंडी पुरुष, मालक पुरुष, उंची ठरवतात दोघं मिळून आणि त्यावर आयुष्यभर पोळ्या लाटते तिसरीच, खांदे वर उचलून.

भरतीचंही सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, त्यामुळं पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं हे आपलं रोजचं दृश्य, आता त्यात पोरीही असतात, पोलीस भरतीला, अग्निवीरला. 2021 साली सैन्यात मिलिटरी पोलीसमध्ये जवान म्हणून मुलींची पहिली तुकडी आली. चांगलंच आहे. पण या पोरींना धावायला शिकवणारे बहुतेक पुरुष, आणि ते मुलांचाच तक्ता मुलींना देतात. रुंद कमर, आखूड पाय, बारीक हाड, त्यावर मुलांच्या पावलाशी पाऊल जुळवायचं, मग नडगीला आणि कमरेच्या हाडाला बारीक चीर पडते. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात मुलींच्या कमरेच्या हाडाला अशा चिरा पडायला लागल्या तेव्हा त्यांनी मार्चचा वेग कमी केला, पाऊल आपापल्या सोयीनं टाकू दिलं, आणि चिरांचं प्रमाण एकदम खाली आलं. मुलींना घेऊ नका असं त्यांनी म्हटलं नाही. फरक मोजून वापरायचा म्हणजे असं.

आणि सगळ्यात मोठं राहिलंच, पाळी गेल्यानंतरचं. आपल्याकडं ती साधारण 46-47 व्या वर्षी जाते, इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत काही बायकांचं हाड 20 टक्क्यांपर्यंत कमी होतं. "नाजूक" हा शब्द कुठं लागू व्हायचा असला तर इथं, पण इथं तो कुणी वापरत नाही, इथं म्हणतात "वय झालं, कंबर वाकली". मणका आतल्या आत चेपतो, बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही, उंची कमी होते, पोक येतं. एक दिवस न्हाणीत पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. गड्यांनी यावर फार खूश होऊ नये, खुबा मोडलेल्या पुरुषांत वर्षभरात जाण्याचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त असतं, आणि हाडाला इस्ट्रोजेन पुरुषालाही लागतं. 1994 मध्ये एका पुरुषाची केस प्रसिद्ध झाली, त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता, अठ्ठाविसाव्या वर्षीही उंची वाढत होती, 204 सेंटीमीटर, आणि हाडं मात्र विरळ, ठिसूळ.

आता विचार करा, ही पाळी 46 ऐवजी 30 मध्येच थांबवली तर? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये उघड झालं, सरकारी पाहणीत 13 हजारांवर बायका निघाल्या, कित्येक तिशी-पस्तिशीतल्या. बीडकडच्या टोळ्या आपल्याही फडात येतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी थांबतं, हाडाची झीज दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होते, आणि ती बाई पुढच्या हंगामात परत मोळी डोक्यावर घेते. कामाचा खाडा नको म्हणून पिशवी काढायची. आणि हाडाचा विचार त्या सहीच्या वेळी कुणीच तिच्यापुढं ठेवत नाही.

हाडाची घनता मोजणारं डेक्सा मशीन प्रत्येक गावात येणार नाही, मी तशी मागणीही करत नाही. पण उंची मोजायला भिंतीवर मारलेली टेप पुरते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर कमी झालं असेल तर मणक्याची तपासणी करायला पाहिजे, हे डॉक्टरी पुस्तकात आहे. आशाताई घरोघरी जातात, तीस वर्षांवरच्यांचं बीपी-शुगर बघतात, त्या कार्डावर उंचीचा एक रकाना वाढवा, आणि पिशवी काढली आहे का, कितव्या वर्षी, हा दुसरा. आणि कृपा करून ते कार्ड, ते पत्रक कन्नडबरोबर मराठीतही छापा. भाषेच्या वादात मला इथं पडायचं नाही, पण साठीची बाई जी फक्त मराठी वाचते किंवा नातवाकडून मराठी वाचून घेते, तिला कॅल्शियमची गोळी कशाबरोबर घ्यायची हे समजायला सीमावादावर कोर्टाचा निकाल येईपर्यंत थांबायला लावू नका.

पगाराचं राहिलं. लोक म्हणतील सारखा पगार दिला तर बायकांना कामावर कोण बोलवणार. बोलवणारच, कारण लावणी गड्यांना येतच नाही, विचारून बघा. मृगाच्या आधी बऱ्याच गावांत देवळात बैठक बसते, गड्याचा दर, बाईचा दर, टिलरचा दर ठरतो आणि सगळं गाव तो पाळतं. बैठकीला बसलेले सगळे गडी असतात, त्या वेळी बायका भांगलणीला नाहीतर स्वयंपाकाला. यंदा ती बैठक रात्री जेवणं झाल्यावर घ्या, लावणी करणाऱ्या बायकांना पुढं बसवा, आणि ज्याला हाडांवरून दर ठरवायचाय त्यानं ते तिथं, त्यांच्या तोंडावर उठून बोलावं.